हिरडीमुऱ्याच्या नऊ पेट्या

"वहिनी, ही अळी अशी काय दिसतीया?" खंडूभावजींनी माझ्या खांद्यावरून वाकून विचारलं.

मधमाश्यांच्या पेटीतून काढलेली पोळ्याची चौकट मी उन्हाकडं धरली होती. पोळ्यात माश्यांची पिल्लं वाढतात त्या घरांना मेणाची झाकणं असतात. चांगल्या पोळ्यात ती सारवल्यासारखी सलग दिसतात. इथं जागोजाग झाकणांना टाचणीएवढी भोकं पडली होती. मी सुईनं एक झाकण उचकटलं. आतली अळी पिवळट, ताठ, डोकं वर काढून उताणी पडलेली. सुईच्या टोकानं उचलली तर अख्खीच्या अख्खी वर आली आणि लोंबकळली. आत नुसतं पाणी होतं. ती फुटली आणि माझ्या बोटांवर ओघळली.

"गारठ्यानं झालंय," मी म्हणाले. "थंडी पडायला लागली ना. दुसरं काय नाही."

"मंग ठीक हाय," म्हणून भावजी बैलांना पाणी दाखवायला गेले. त्यांचा माझ्यावर विश्वास होता, गावातल्या सगळ्यांचाच होता. मी मात्र तिथंच उकिडवी बसून राहिले.

मला रोग ओळखता येत होता. तालुक्याला मधमाशी पाळण्याचं दहा दिवसांचं शिबिर झालं होतं, तिथं साहेबांनी त्याचा फोटो दाखवला होता. ते त्याला पिशवीचा रोग म्हणायचे. मोठ्या माश्यांना काही होत नाही, पिल्लं तेवढी मरतात. नवीन माशी जन्मत नाही, जुनी म्हातारी होऊन जाते, आणि दोन महिन्यांत पेटी रिकामी. औषध नाही. खंडूभावजींना हे सगळं सांगायचं, पेटी बंद करून बाजूला ठेवायला लावायची, एवढंच माझं काम होतं. पण त्या चौकटीच्या लाकडावर निळ्या ऑइलपेंटचा ठिपका होता. तो माझा ठिपका होता. ते पोळं माझ्या घरातून आलं होतं.

आता मी कोण ते सांगते. मी इंदुमती शेलार. तळदेऊळ आणि त्याच्या चार वाड्यांत मिळून तेव्हा साठ-पासष्ट पेट्या होत्या, सातेरी जातीच्या मधमाश्यांच्या. दर तीन आठवड्यांनी घरोघर जायचं, पेट्या उघडायच्या, राणी अंडी घालते का, पिल्लं बरी आहेत का, मुंग्या लागल्यात का, पेटीला वजन आहे का, ते बघायचं. लोक मला पेटीताई म्हणायचे. लग्न होऊन आले तेव्हा माझ्या हातची भाकरी आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, पसंत नव्हती. पेटीताई झाले तशी त्याच आत्याबाई पाहुण्यांना सांगायला लागल्या, "आमच्या इंदूला कळतं हो माशीतलं." मी चांगली शेफारले होते, खोटं कशाला बोलू? रस्त्यानं चालताना पदराला सुई टोचून मिरवायची मी.

आणि आमच्याकडं एक रीत होती, विरजणाची. पावसाळ्यानंतर एखाद्याची पेटी अशक्त झाली, माश्या कमी झाल्या, तर शेजारी आपल्या भरल्या पेटीतलं एक पोळं द्यायचा, अंडी-पिल्लांसकट. पिल्लं तिकडं बाहेर पडली की पेटी पुन्हा भरायची. दह्याला विरजण द्यावं तसं, म्हणून ते विरजण. ते कुणी मोजायचं नाही आणि परत मागायचं तर मुळीच नाही. दिलेलं विरजण परत मागणारी बाई गावात तोंड दाखवायच्या लायकीची राहत नसे. त्या वर्षी पाऊस सरला तेव्हा माझ्या तीन पेट्या सगळ्या गावात सरस होत्या. मी तीन आठवड्यांत सात घरी विरजण दिलं. मागितलं नव्हतं त्यांनाही दिलं. आणि पोळं इंदूचं आहे हे कळावं म्हणून प्रत्येक चौकटीवर निळा ठिपका. माझी हौस, दुसरं काय!

खंडूभावजींची पेटी कशीबशी मिटली आणि मी घरी पळाले. चप्पल कुठं अडकली, पदर कुठं, काही भान नव्हतं. परसात जाऊन माझी पहिली पेटी उघडली. दोन चौकटी बऱ्या होत्या. तिसरीवर भोकं. सुई घातली, पिशवी वर आली. दुसऱ्या पेटीतही तेच.

"काय गं, लवकर आलीस?" आत्याबाईंनी ओट्यावरून विचारलं.

"सुई विसरले होते."

"सुई तर पदराला हाय तुझ्या."

"दुसरी, आत्याबाई, दुसरी," म्हणत मी पुन्हा वाटेला लागले. सकाळपासून ती दुसरी थाप होती, आणि माझी जीभ जराही अडखळली नाही.

दुपारपर्यंत मी खंडूभावजींचं धरून विरजण दिलेली पाच घरं पुरी केली. कुणाला म्हटलं सहज आले, कुणाला म्हटलं मुंग्या बघते. एका घरी काही दिसलं नाही. बाकी चारही घरी झाकणांना भोकं. निळ्या ठिपक्याच्या चौकटीवर जास्त, शेजारच्या चौकटीवर नुकती लागलेली. त्या प्रत्येक घरी मी "गारठा" म्हणाले. चंपावहिनीनं तर मला ताक पाजलं आणि म्हणाली, "तू हाईस म्हणून आम्हाला घोर न्हाई." मला दिसत होतं, महिन्या-दोन महिन्यांत या बाया पेट्या उघडतील, आत माश्या नसतील, निळा ठिपका तेवढा असेल. मग त्या सगळ्या एका जागी बसतील आणि माझं नाव घेतील. भीतीनं माझ्या पाठीला घाम फुटला होता, आणि तो घाम काही उन्हाचा नव्हता.

सहावं घर माझ्या चुलत जावेचं, ती माहेरी गेली होती. राहिलं सातवं, हिरडीमुऱ्याच्या हौसाकाकीचं. त्याचा विचार मी सकाळपासून मुद्दामच मागं ढकलत होते.

हिरडीमुरा म्हणजे डोंगराच्या माथ्यावरची वाडी, खिंड ओलांडून तासाभराची चढण. ढेबे धनगरांची चार घरं. हौसाकाकी एकटी राहायची, नवरा जाऊन पंधरा वर्षं झालेली. तिच्या परसात नऊ पेट्या होत्या, आणि त्या नुसत्या पेट्या नव्हत्या. आमच्या सगळ्या खोऱ्यात ज्यांच्याकडं माश्या होत्या त्यांची पहिली वसाहत काकीकडून आलेली. कुणाची पेटी मेली की माणूस डोंगर चढून काकीकडं जायचा आणि माश्यांचा नवा थवा घेऊन उतरायचा. खालच्या सगळ्या पेट्या मेल्या तरी काकीच्या नऊ राहिल्या असत्या तर दोन वर्षांत खोरं पुन्हा भरलं असतं. त्या नऊ गेल्या तर काहीच उरणार नव्हतं.

आणि मी तिलाही विरजण दिलं होतं. तिची एक पेटी जराशी उतरली होती एवढंच. ती नको म्हणत होती. "राहू दे गं, माझी ती सावरंल," म्हणाली होती. पण मी कसली ऐकते! "घ्या हो काकी, माझी आठवण," म्हणत हातात कोंबलं होतं.

चढण चढताना मी ठरवून टाकलं. परत मागायचं तर कारण सांगावं लागणार, आणि कारण सांगितलं की सगळंच आलं. त्यापेक्षा काकी रानात असताना गुपचूप माझी चौकट काढायची, ओच्यात लपवायची आणि खिंडीत पुरून टाकायची. रोग पसरला नसेल तर पेट्या वाचतील आणि ठिपकाही नाहीसा होईल. देवा, एवढं साधू दे, म्हणत होते मी. चोरी करायला निघालेली बाई देवाला हाक मारत होती!

काकी घरी नव्हती. दार नुसतं ओढून घेतलेलं. खालच्या पट्टीत नाचणीची कणसं खुडत होती, तिचं हिरवं लुगडं मला वरून दिसत होतं. मी घराला वळसा घालून परसात गेले. नऊ पेट्या एका रांगेत, प्रत्येकीचे पाय पाण्याच्या वाट्यांत.

पेटी उघडताना आधी धूर देतात, म्हणजे माश्या शांत राहतात. पण धूर केला असता तर खालून काकीला दिसला असता. मी तशीच पहिली पेटी उघडली. माश्यांना घामेजलेला माणूस आवडत नाही. पहिल्या चौकटीलाच मनगटावर डंख बसला, मग गळ्यावर. ओरडायची सोय नव्हती. मी दात आवळले आणि एकेक चौकट उचलून बघायला लागले. ठिपका नाही. जिथं पिल्लं होती तिथं झाकणं उचकटून सुईनं आत बघितलं, पिल्लं पांढरी, टवटवीत. दुसरी पेटी, ठिपका नाही. तिसरी. चौथी. घाईत एक चौकट पेटीच्या काठावर आपटली आणि माश्यांचा असा आवाज उठला की मला वाटलं आता काकी येणारच. खाली बघितलं. लुगडं तिथंच होतं.

सहावी उघडली. सातवी. डोळ्याखाली डंख बसून एक डोळा मिटत चालला होता. ठिपका नाहीच. आठवीपर्यंत आले तेव्हा माझं डोकं फिरायला लागलं. एखादी चौकट उचलून मी नीट बघितलीच नाही की काय? की काकीनं ठिपका खरवडला? म्हणजे तिला कळलं? मी पुन्हा दुसरीवर गेले, पुन्हा बोटं घालून चौकटी सरकवल्या, मग नववीवर आले.

"काय शोधतीयास गं इंदे?"

हातातली चौकट सुटलीच असती. काकी दोन हातांवर उभी होती, डोक्यावर कणसांची पाटी.

काकीनं पाटी खाली ठेवली, माझ्या हातातली चौकट घेतली, सावकाश पेटीत बसवली, झाकण लावलं. मग माझ्या तोंडाकडं बघितलं. "आगं, तोंडाचं काय करून घेतलंस? धूर का न्हाई केलास?"

आणि मी रडायला लागले. लहान पोर रडावं तशी, नाक पुसत. रडता रडता सगळं सांगितलं. पिशव्या, ठिपके, पाच घरं, गारठा. "काकी, माझं विरजण रोगट होतं. तुमच्या पेटीत असेल ते काढायला आले होते. माझी चौकट कुठाय?"

काकी चक्क हसली. "ती व्हय? ती कोंबड्यांनी खाल्ली."

"म्हंजे?"

"दुसऱ्याचं पोळं मी माझ्यात घालत न्हाई बाय. कधीच घातलं न्हाई. माझ्या सासूनं मला तसंच शिकवलंय. तू एवढ्या मायेनं आणलंस, न्हाई कसं म्हणू? तुझं मन राखायला घेतलं. तू खिंडीपाशी गेली असशील तवर कोंबड्यांपुढं टाकलं. लाकूड चुलीत घातलं."

माझा जीव भांड्यात पडला. मी तिथंच मातीत बसले. हसले, रडले, काकीचे पाय धरले. काकीच्या नऊच्या नऊ पेट्या चांगल्या होत्या, खोरं वाचलं होतं! खालच्या बाया मला शिव्या देतील, देऊ देत. त्यांना काकीकडून नवे थवे आणून देईन, स्वतः डोक्यावर वाहून आणीन. मी हे सगळं काकीला बोलूनसुद्धा दाखवलं.

"बरं, बरं. भाकर खा आधी. डंखाला चुना लावू," काकी म्हणाली. तांब्या घेऊन आली, माझ्या हातांवर पाणी घालायला लागली. मी हात चोळले. बोटांच्या पेरांत चिकट, पिवळट काहीतरी बसलं होतं, ते सुटून पाण्याबरोबर दगडावर आलं. आंबूस वास आला.

पाण्याची धार थांबली.

"इंदे," काकी म्हणाली, "सकाळपासनं किती पेट्या उघडल्यास?"

"दहा-बारा."

"समद्या रोगट?"

"बहुतेक."

"मधी हात कुठं धुतलेस?"

शिबिरात पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, रोगट पेटी हाताळली की साबणानं हात धुवा, सुई विस्तवावर धरा, मगच दुसरी उघडा. मी ते वहीत लिहून घेतलं होतं. दुसऱ्या बायांना शिकवलंही होतं. आणि त्या दिवशी सकाळी खंडूभावजींच्या अळीचं पाणी ज्या बोटांवर ओघळलं, त्याच बोटांनी मी एका घरातून दुसऱ्या घरात गेले, आणि त्याच बोटांनी, त्याच सुईनं, काकीच्या नऊ पेट्यांतली एकेक चौकट उचलली. पिल्लांच्या घरांत सुई घातली. दुसरीत तर दोनदा.

"कुठंच नाही," मी म्हणाले.

काकी ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं तांब्या खाली ठेवला, पेट्यांच्या रांगेकडं बघितलं. माश्या आपल्या येत-जात होत्या, पायांना पराग लावून.

"खाली पट्टीत येऊन इचारलं असतंस," काकी शेवटी म्हणाली. "काकी, माझं पोळं कुठं घातलंस, एवढंच. बांधावरनं सांगितलं असतं मी तुला."

"भ्याले हो काकी."

"मला?"

"तुम्हाला. सगळ्यांनाच."

तिनं मला भाकरी वाढली. मी खाल्ली नाही, आणि तिनं आग्रहही केला नाही. निघताना म्हणाली, "आता घरोघर जाऊन खरं सांग. गारठा न्हाई म्हणावं. आणि हे माझ्या पेट्यांचं बी सांग, हाताचं. म्हंजे म्होरं कुणाच्या हातनं आसं व्हायचं न्हाई. मी न्हाई सांगणार. तुझ्या तोंडानं सांग."

मी घरोघर गेले. त्याच दिवशी, सुजलेल्या तोंडानं. खंडूभावजी शिव्या घालतील वाटलं होतं, ते नुसते मटकन बसले. चंपावहिनी रडली. आत्याबाई आठ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. पण विरजणाचं मी प्रत्येक दारात सांगितलं. हाताचं सांगायला मात्र कुठंच तोंड उघडलं नाही. म्हटलं, काकीच्या पेट्यांना झालंच नाही तर? कशाला उगाच?

अठराव्या दिवशी काकीच्या दुसऱ्या पेटीत पहिली भोकं दिसली. मी दर चार दिवसांनी डोंगर चढत होते, साबण घेऊन. काकीनं रोगट पोळी कापून पुरली, राण्या डबीत कोंडून ठेवल्या, अंडी घालू दिली नाहीत. साहेबांनी सांगितलेलं सगळं केलं. पौष सरेपर्यंत नऊच्या नऊ पेट्या रिकाम्या झाल्या. शेवटची उघडली तेव्हा आत मूठभर माश्या आणि राणी होती. काकीनं झाकण लावलं आणि माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

माघात तालुक्याचे साहेब आले. रोग कसा आला, कुठून कुठं गेला, ते त्यांना समजून घ्यायचं होतं, म्हणजे बाकीच्या गावांना सावध करता येईल. देवळात सगळे जमले. बाप्ये एका अंगाला, बाया एका अंगाला. हौसाकाकी डोंगर उतरून आली होती आणि खांबाला टेकून बसली होती.

साहेबांनी मला उभं केलं. मी सांगितलं. विरजणाची रीत सांगितली, माझ्या पेट्यांत रोग आधीच होता ते सांगितलं, सात घरांची नावं घेतली. साहेब लिहून घेत होते.

"आणि हिरडीमुरा?" साहेबांनी विचारलं. "तिथल्या नऊ पेट्या कशा गेल्या?"

"तिथंबी विरजण गेलं हुतं की," खंडूभावजी मागून म्हणाले. "सातवं. मग काय, जाणारच."

साहेबांनी मान डोलावली आणि लिहिलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मी त्याला हो म्हणते का म्हणून. एवढी माणसं, आत्याबाई पहिल्या रांगेत, आमचे हे दाराशी उभे. विरजण दिलं ही गावाची रीत होती. ती चूक माझ्या एकटीची नव्हती, आणि लोकांनी ती मला माफही करत आणली होती. नऊ पेट्यांची गोष्ट मात्र माझ्या एकटीची होती.

काकी माझ्याकडंच बघत होती. रागानं नाही. वाट बघत होती.

मी खाली मान घातली आणि बसले.

मग काकी उठली, पदर सारखा केला, आणि सगळ्यांच्या देखत मला विचारलं, "झालं का गं इंदे, समदं सांगून?"

"झालं, काकी," मी म्हणाले.